खंडेनवमीचं स्टील

आकाशवाणीच्या दुपारच्या बातम्यांना अजून थोडा अवकाश होता. मधला वेळ भरायचा म्हणून त्यांनी गिटारची एक तबकडी लावली. कुणी कान देऊन ऐकावी अशी काही त्यांची अपेक्षा नव्हती. पण इंदिरानगरातल्या एका स्वयंपाकघरात पद्मावती डोशाचं पीठ कालवत होती, आणि तिचा डावा हात भांड्याच्या काठावरून आपोआप सरकायला लागला. सूर चढला की हात पुढे, उतरला की मागे. बातम्या सुरू झाल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं की काठाला सगळीकडे पीठ माखलंय आणि आपल्या डोळ्यांतून पाणी येतंय. दुःख कसलं त्यात! आनंदच होता, फक्त फार वर्षांनी आल्यामुळे त्याला वाट सापडत नव्हती.

ती गिटार कुठली, हे तिला पहिल्याच सुराला कळलं होतं. हवाईयन गिटार. आजकालची पोरं छातीशी धरून खडखडवतात ती नव्हे. ही मांडीवर आडवी ठेवायची. तारा उंच ताणलेल्या असतात, त्या बोटांनी दाबायच्या नाहीत. डाव्या हातात बोटभर लांबीचा गुळगुळीत पोलादी दांडा धरायचा, त्याला सगळे नुसतं ‘स्टील’ म्हणतात. तो तारांवरून सरकवायचा. उजव्या हाताच्या बोटांत प्लॅस्टिकच्या नख्या घालून तारा छेडायच्या, की सूर एकातून दुसऱ्यात ओघळत जातो. एके काळी बंगळूरच्या गल्लोगल्ली ही गिटार शिकवायचे. पद्मावती शाळेत असल्यापासून विद्याधर सरांकडे शिकली होती, आणि बरी नव्हे, चांगली वाजवत होती. मग लग्न झालं. गिटार तिच्याबरोबर सासरी आली आणि तडक माळ्यावर चढली. कुणी चढवली म्हणाल तर कुणीच नाही. पाहुणे आले, बाळंतपण आलं, अभिमन्यूच्या शाळा आल्या, आणि गिटार प्रत्येक वेळी थोडी थोडी मागे सरकत गेली. आता अभिमन्यू मणिपालला शिकायला गेला होता, दुपारी घर कसं गप्प असायचं, आणि नेमकी त्या गप्पपणात आकाशवाणीने ती तबकडी लावली.

संध्याकाळी नवरा, रणजीत, विमान कारखान्यातून घरी आला तर बायको शिडीवर आणि खाली धुळीचा डोंगर.

“अग, काय शोधतेस?”

“गिटार! धरा, धरा, खाली घ्या!”

पेटी उघडली. तारा गंजून तपकिरी झाल्या होत्या, पण लाकूड शाबूत होतं. कोपऱ्यातल्या मखमली कप्प्यात नख्या आणि स्टील जसंच्या तसं. पद्मावतीने स्टील मुठीत धरलं, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री ते उशाशी घेऊनच झोपली.

चारच दिवसांत तिने विद्याधर सरांचा ठावठिकाणा काढला. ते आता मारतहळ्ळीला लेकाकडे राहत होते. तेव्हा तिकडे शेतं जास्त, घरं कमी. ती बसने गेली आणि पत्ता विचारत विचारत दारात जाऊन उभी राहिली. सर वाळले होते, केस पांढरे झाले होते, पण बोलणं तेच, सुपारी फोडल्यासारखं.

“परत शिकायचंय? कशाला?”

“मला वाजवायचंय, सर. झोप येत नाही.”

“मी शिकवणं बंद केलंय. सोडून जाणाऱ्यांना शिकवून शिकवून दमलो मी. एकीचं लग्न झालं, गेली. एकाला नोकरी लागली, गेला. आणि आठवण आली म्हणून परत येणारे तर त्याहून वाईट. दोन महिन्यांत आठवणीचं पोट भरतं, की परत पसार!”

पद्मावती जागची हलली नाही. सर कॅलेंडरकडे वळले.

“बरं. नवमीला तुमच्याच इंदिरानगरात मैदानावर दसऱ्याचा कार्यक्रम आहे. मला बोलावलंय. भूपातली आपली दोन गिटारींची धून आठवते? सगळ्यांसमोर माझ्या शेजारी बसून वाजव. वाजवलीस तर दसऱ्यापासून शिकवीन, माझे हात चालतात तोवर शिकवीन. नाही जमलं तर पुन्हा या दारात चहाला ये, गिटार घेऊन येऊ नकोस.”

परतीच्या बसमध्ये पद्मावतीला बसायला जागा मिळाली होती, तरी ती उभीच राहिली. बसवेना! नवमीला जेमतेम तीन आठवडे होते.

आता घरातल्या तिसऱ्या माणसाची ओळख करून द्यायला हवी. सकवारबाई. पद्मावतीच्या सासूबाई, सगळं घर त्यांना अक्का म्हणे. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर कर्नाटकात उतरलेलं हे घराणं. फौज गेली, जहागीर गेली, उरली एक तलवार, एक कट्यार आणि सकवारबाईंचा ताठ कणा. सासरे खंडोजी वारल्यापासून त्या मोजकंच बोलत. दात गेल्यामुळे त्यांचं पान छोट्या पितळी खलबत्त्यात कुटावं लागे, आणि तो खलबत्ता त्या कुणाच्या हाती देत नसत. सुनेच्या तर नाहीच नाही.

पद्मावती दुपारी नव्या तारा चढवून सरावाला बसायची. पहिल्या दिवशी तिने सूर लावला मात्र, अक्का उठल्या, खलबत्ता उचलला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. थोड्याच वेळात तिकडून ठक् ठक् सुरू. दुसऱ्या दिवशी तेच. धून जरा रंगात यावी, वरच्या सुरांवर चढायला लागावं, की मागून ठक्! ठक्! ठक्! पान एवढं कुटतं का कुणी? त्याचं एव्हाना पाणी झालं असेल. पद्मावतीने जे समजायचं ते समजून घेतलं. म्हातारीला हे थेर पसंत नाहीत, आणि त्या तोंडाने बोलत नाहीत तर बत्त्याने बोलतायत. म्हणून तिने कार्यक्रमाचं अक्कांच्या कानावर घातलंच नाही. रणजीतलाही बजावलं, “नवमीला संध्याकाळी आपण मैदानावर कार्यक्रम बघायला जाणार, एवढंच सांगायचं.”

रणजीत सरळ माणूस. तो म्हणाला, “सरी, ठीक आहे, पण उद्या कळलं तर माझं नाव नको.”

हात मात्र दिवसेंदिवस मोकळा होत होता. स्टील तारेवर नेमकं कुठे थांबलं की सूर खरा लागतो, हे डोळ्यांना आठवत नव्हतं, पण मनगटाला आठवत होतं. कधी कधी तर ती वाजवता वाजवता स्वतःशीच हसायची. चाळिशीला टेकलेली बाई, ओट्यावर भाजी तशीच, आणि ही हसतेय! एकच खोट होती. चढणीला ती घाई करायची. आनंद मावायचा नाही आणि लय पुढे पळायची.

नवमी उजाडली. खंडेनवमीला त्या घरात शस्त्रांची पूजा, आणि अक्कांच्या कायद्यात शस्त्र म्हणजे घरातलं कामाचं यच्चयावत लोखंड. तलवार आणि कट्यार तर आलीच, पण विळी, कोयता, कात्री, अडकित्ता, रणजीतचे पाने, सगळं देवघरात मांडायचं, हळदकुंकू व्हायचं, आणि एकदा मांडलं की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. भाजी म्हणून आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली. अंगणात स्कूटरला झेंडूची माळ आणि चाकाखाली लिंबू. पद्मावतीची सकाळ नैवेद्याच्या पुरणात गेली. पूजेच्या वेळी तिने दारातूनच हात जोडले आणि ती परत चुलीकडे पळाली, कारण डोक्यात सगळी भूपाची धून.

जेवणं उरकली. अक्का आडव्या झाल्या. आता शेवटचा हात फिरवून घ्यावा म्हणून पद्मावतीने गिटारची पेटी उघडली. नख्या होत्या. स्टील नव्हतं.

तिने गादी उलटी केली. कपाट उपसलं. पिठाच्या डब्यात हात घालून पाहिला, आता तिथे काय ते येणार होतं! तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी सहाला कार्यक्रम, आणि सर तर मारतहळ्ळीहून थेट मैदानावर येणार, म्हणजे त्यांच्याकडचं मागून आणायचीही सोय नाही.

“स्वल्प थांब,” रणजीत डोकं खाजवत म्हणाला. “सकाळी अक्का सगळं लोखंड गोळा करत होत्या ना...”

दोघं देवघरात गेले. पाटावर लाल कापड, मधोमध खंडोजींची तलवार. आणि तिच्या अगदी शेजारी, कट्यारीच्याही आधी, पद्मावतीचं स्टील. त्याला हळदकुंकू लावलेलं. वर एक पिवळं शेवंतीचं फूल.

“घे पटकन उचलून,” रणजीत कुजबुजला. “रात्री परत ठेवू. अक्का झोपल्यात.”

पद्मावतीने हात पुढे केला आणि तसाच राहिला. अठरा वर्षं ती या घरात हे मांडलेलं बघत होती. त्या पाटावर सासऱ्यांचं होतं, नवऱ्याचं होतं, विळीदेखील आजेसासूच्या माहेरची होती. तिचं म्हणून काही त्यावर कधीच नव्हतं. आज होतं, आणि कुठे? तलवारीला लागून! तिला हसू फुटलं आणि रडूही फुटलं. नेमक्या आजच्या दिवशी सुचावं का म्हातारीला हे!

“नाही,” ती म्हणाली. “चोरून नाही उचलायची मी. दुसरं काहीतरी शोधते.”

ती चपला सरकवून कोपऱ्यावरच्या कल्लाप्पाच्या गॅरेजकडे निघाली. स्कूटरच्या इंजिनात एक पिस्टन पिन असते, तशीच गोल, तशीच गुळगुळीत. पण रस्त्यावर पाहावं तिकडे फोडलेले कोहळे आणि कुंकू. रिक्षांना केळीचे खांब, बसला माळा, शिलाईच्या दुकानात यंत्रापुढे उदबत्ती. कल्लाप्पा नवा सदरा घालून खुर्चीत बसला होता, आणि त्याची सगळी अवजारं फळीवर कुंकू लावून ओळीने मांडली होती.

“अय्यो अम्मा!” पिन मागताच तो खुर्चीतून उठलाच. “आज आयुधपूजा! इवत्तु मुट्टोहागिल्ला, आज हात लावायचा नाही. नाळे बन्नी, उद्या या. ढीगभर पिना देतो!”

उद्या घेऊन काय करायचं होतं! सगळ्या बंगळूरचं लोखंड आज देवाजवळ बसलं होतं. पद्मावती घरी आली ती सरळ देवघरात, आणि पाटासमोर मांडी घालून बसली. उचलायचं नाही हे ठरलं होतं. मग हात वारंवार पुढे का जातोय, ते तिला कळत नव्हतं.

“नमस्कार करतेस की चोरी?”

मागे अक्का उभ्या होत्या. पद्मावतीच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. सर, त्यांची अट, मैदान, सहाची वेळ, धून. बोलता बोलता तिला धाप लागली. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

“आधी सांगायला तोंड नव्हतं का ग?”

“तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं. मी वाजवायला बसले की तुम्ही मागे जाऊन बत्ता आपटत होता.”

“आपटत?” अक्कांचा आवाज चढला. “अग शहाणे, तुझा ठेका सुटत होता! सूर गोड आहे तुझा, पण वर चढताना धावतेस. बैल गोठ्याकडे पळतो तशी. कुणीतरी धरून ठेवायला नको? पानाचा चोथा होईतो कुटलं मी रोज. हात दुखून आले माझे!”

दारात रणजीत हसू दाबत होता.

“मग अक्का, हे घेऊ?” तिने स्टीलकडे बोट केलं.

“छे! शस्त्रांत मांडलेलं दशमीआधी हलत नाही. तुझ्या मामंजींची तलवार हलत नाही, तर तुझं हे का हलेल?”

पद्मावतीचा चेहरा पडला. पण अक्का तिथे थांबल्याच नव्हत्या. त्या मागच्या पायरीकडे गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बत्ता होता. पदराने तो खसाखसा पुसत त्यांनी तो सुनेच्या तळहातावर ठेवला.

“हा पितळेचा. याची पूजा होत नाही. बघ चालतो का. आणि बेग, लवकर बघ, सहा वाजायला आले.”

पद्मावतीने बत्त्याकडे नीट पाहिलं. एका टोकाला बोंड, पण मधला भाग सरळ आणि वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने आरशासारखा गुळगुळीत. काताचा आणि लवंगेचा वास. तिने गिटार मांडीवर घेतली, बोंड तारांच्या बाहेर ठेवलं आणि बत्ता तारेवर टेकवून छेडलं. सूर निघाला! स्टीलपेक्षा जड, पण गोल, भरलेला. तिने तो वर सरकवला, खाली आणला.

“चालतोय! अक्का, चालतोय हा!”

“मग ओरडतेस काय, लुगडं बदल,” अक्का म्हणाल्या, आणि स्वतःही नवं इरकली काढायला गेल्या.

मैदानावर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. सर आधीच स्टेजवर बसले होते, गिटार मांडीवर घेऊन. त्यांची नजर पद्मावतीच्या डाव्या हातावर गेली.

“हे काय?”

“बत्ता, सर. पानाचा. सासूबाईंचा.”

“आणि स्टील?”

“पूजेत बसलंय.”

सरांनी पहिल्या रांगेत पाहिलं. तिथे इरकली नेसलेल्या सकवारबाई ताठ बसल्या होत्या, आणि पान नसल्यामुळे रिकामं तोंड नुसतंच हलवत होत्या. सर तारांवर वाकले. त्यांनी पहिली तार छेडली.

धून सुरू झाली. पहिल्या वळणाला बत्ता किंचित मागे राहिला आणि सूर कणभर खाली लागला. पण पद्मावतीच्या मनगटाने सांभाळून घेतलं. दुसऱ्या फेरीला दोन्ही गिटारी जुळल्या. समोरची कुजबुज थांबली. आणि मग ती चढण आली. तिच्या छातीत तोच जुना आनंद उसळला, हात पुढे झेपावायला निघाला, आणि तेवढ्यात तिला पहिल्या रांगेत दिसलं. अक्का मूठ मिटून आपल्या मांडीवर ठोकत होत्या. ठक्. ठक्. ठक्. बत्ता नव्हता, पण ठेका तोच. पद्मावतीने त्या मुठीवर नजर रोवली. धावायचं नाही. एकेक सूर पुरता घेत, पुरता भरत ती वर गेली, अगदी वरच्या षड्जावर गेली आणि तिथे बत्ता हलकेच थरथरवत ठेवला. सर वाजवायचं थांबले. त्यांनी तो सूर तिला एकटीला दिला.

टाळ्या कडाडल्या. पद्मावतीला त्या लांबून कुठूनतरी येतायत असं वाटलं. ती सरांकडे बघत होती.

“ही लय मी नव्हती शिकवली तुला,” सर म्हणाले. “कुणाकडे गेली होतीस?”

तिने पहिल्या रांगेकडे मान केली. सर हसले. इतक्या वर्षांत तिने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

“उद्या दहाला ये. मारतहळ्ळीला. आणि तुझं स्टील घेऊन ये, बाईंना रोज उपाशी ठेवायचं नाही. उशीर झाला तर दार उघडणार नाही.”

खाली उतरल्यावर तिला अक्कांच्या पाया पडायचं होतं, पण अक्कांनी आधीच हात पुढे केला होता. “ते राहू दे. बत्ता दे. जीव कासावीस झालाय माझा.”

दसऱ्याच्या सकाळी पद्मावती उजाडायच्या आत न्हाऊन तयार होती. गिटारची पेटी दाराशी ठेवलेली, नजर सारखी घड्याळाकडे. उत्तरपूजा झाली. अक्षता पडल्या. आता शस्त्रं उचलायची, आणि ती उचलण्याचा एक क्रम होता. आधी तलवार, ती घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातात. खंडोजी होते तोवर त्यांच्या, त्यानंतर रणजीतच्या. मग बाकीचं. कुणी कधी तो मोडला नव्हता. रणजीतने सवयीने दोन्ही हात पुढे केले.

अक्कांनी पाटावर हात नेला, तलवार ओलांडली आणि स्टील उचललं. त्यावरचं फूल पद्मावतीच्या केसांत खोवलं, हळदकुंकू पदराने पुसलं आणि ते तिच्या मुठीत दिलं.

रणजीत पसरलेल्या हातांनी बघत राहिला. “अक्का, आधी तलवार ना?”

“तलवार थांबेल,” सकवारबाई म्हणाल्या. “तिला आज कुठं जायचंय? हिची बस आहे.”